अळंबीची जागा

"खय चललंस गो वयनी, इतक्या सकाळी?" कुंपणापलीकडून सरस्वतीकाकीने विचारलं.

"खय जातंय? गाय सुटली हा. बघूक."

आमच्याकडे गाय नव्हती. गोठ्यात आम्ही लाकडं रचून ठेवायचो. हे सरस्वतीकाकीला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे आईलाही माहीत होतं.

"गावांदे हो गाय," काकी म्हणाली. "बरी पांढरी बघून आण."

"गावली तर तुकाच पयली दाखयतंय."

दोघी हसल्या. काकीने नळ सोडला आणि पाठ फिरवली. आम्ही कुठल्या वाटेने वळतो ते तिने बघायचं नाही, ही रीत होती. श्रावणात दोन-तीन दिवस झोडपून मग उघडीप पडली की आमच्या गावात घरोघरच्या गाई सुटायच्या. बायका टोपली पदराखाली धरून डोंगराकडे जायच्या आणि दुपारपर्यंत परत यायच्या, टोपलीवर कुंभ्याची पानं झाकून. पानांखाली काय आहे ते कोणी विचारायचं नाही. संध्याकाळी वाडीत वाटणाचा वास सुटला की कळायचंच.

वारुळावरची अळंबी दर वर्षी त्याच जागी उगवतात. जागा म्हणजे फार तर एका घोंगडीएवढी जमीन. पण ती ज्या घराची, त्या घराची. सरकारी कागदावर डोंगर वनखात्याचा आहे. अळंबीचा डोंगर मात्र घराघरांत वाटलेला आहे, आणि ती वाटणी कुठे लिहिलेली नाही.

आई पुढे होती, हातात काठी. तिच्या मागे ऋजुता, माझी भावजय, माझ्या भावाची, दिगूची बायको, गुडघ्यापर्यंत मोजे चढवून, गळ्यात कॅमेरा. मी शेवटी. माझ्याकडे छत्री, पाण्याची बाटली आणि आईच्या गोळ्या.

आईचं हृदय त्या वर्षी फार कमी चालत होतं. डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली होती. आमच्या घराला जिना नाही, त्यामुळे ती बंदी आपल्याला लागू नाही असं आईचं म्हणणं. आषाढ संपता संपता ती एका सकाळी मला म्हणाली, "दिगूक फोन लाव. सुनेक धाड म्हणा, चार दिस." कशाला, ते मी विचारलं नाही. नंबर मीच फिरवून दिला आणि फोन तिच्या हातात ठेवून आत गेले.

कशाला ते मला माहीत होतं. आमच्या घरात ती जागा सासूकडून सुनेकडे जायची. बाबांना ती कधी कळली नाही. पुरुषांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं आई म्हणायची. आणि चेडू, म्हणजे लेक, तिला सांगायची नाही, कारण लेक परक्या घरी जाते आणि तिच्या पदराला बांधून जागाही जाते. लहानपणी मी एकदा हट्ट धरला होता. आई म्हणाली होती, "तुका तुझी सासू सांगतली. माका माझ्या आवशीन खय सांगलान?"

माझ्या सासूने मला काही सांगितलं नाही. कोल्हापूरच्या भर बाजारपेठेत तिसऱ्या मजल्यावर घर होतं, तिथे अळंबी उगवत नव्हती. त्या घरातून मी एका बॅगेनिशी निघाले आणि आईकडे आले, त्याला तेव्हा कित्येक वर्षं झाली होती. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपालाचं काम मिळालं. बाबा गेले, दिगू पुण्याला स्थिरावला. घराची कौलं मी परतवली, आईची पथ्यं मी सांभाळली, दवाखान्यात तिच्या खाटेखाली चटई टाकून मी झोपले. मला ती जागा हवी होती. अळंबीसाठी नव्हे, ती बाजारातही मिळतात. आईने एकदा तरी हाताला धरून मला तिथे न्यावं आणि म्हणावं, ही आपली. एवढंच हवं होतं, आणि ते मागण्याची भाषा मला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती.

"आई, थांबा, थांबा! जळू!" ऋजुता एका पायावर नाचत ओरडली.

"खय? बघूया." आईने काठीच्या टोकाने जळू उडवली. "चार धरल्यानी की तुका. रगात गॉड आसा तुझा. पुण्याचा रगात."

"ताईंना कशी नाही धरत?"

"तिच्या रगतात काय रवला नाय," आई म्हणाली. ती चेष्टाच करत होती. मी हसले.

ऋजुता स्वभावाने चांगली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. तिचा मनापासून राग करता आला असता तर सोपं झालं असतं. पुण्यात तिचा एक ग्रुप होता, दर रविवारी रानफुलं बघायला जाणारा. आमरी हे तिचं वेड. आमरी म्हणजे ऑर्किड, हे तिनेच आईला पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं.

"ताई, ती बघा, सीतेची वेणी!" तिने एका किंजळीच्या बेचक्याकडे बोट केलं.

"ती जेठात फुलता," आई म्हणाली. "आता नुसती पाना."

"हो ना. उशीर झाला मला. पण मला एक दुसरीच हवीये आई. जमिनीवर येते, गवतात. पांढरी, मोठी, आणि पाकळ्यांना अशी झालर असते. आमच्या ग्रुपमध्ये कुणीच पाहिली नाहीये अजून."

"खाऊक येता?"

"नाही हो!"

"औषध करतत?"

"नाही."

"मगे कित्या व्हयी?"

"बघायला."

"बघूक." आईने हे तोंडात घोळवून पाहिलं. "ह्या बरा. पोट भरलेल्या माणसाक ह्या बरा." आणि मग ऋजुताच्या गालाला हात लावून म्हणाली, "गावात गो. गावतली तुका."

व्हाळाला पाणी होतं. आईने चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि मला धरून ओलांडू लागली. माझा डावा हात ती मनगटाला कधीच धरायची नाही, कोपराजवळ धरायची. मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं आहे, दाबलं की अजून दुखतं. कोल्हापूरहून आले त्या पावसाळ्यात तिनेच ते महिनाभर तेल लावून शेकलं होतं. कसं झालं, ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती फक्त म्हणाली होती, "शेक बसात तसा बरा वाटात." पुढे एवढ्या वर्षांत हाताचा विषय निघाला नाही, पण तिचा हात कधी चुकून त्या हाडावर पडलाही नाही.

पलीकडे चढ सुरू झाला. आई चार पावलं टाकायची, थांबायची, श्वास गोळा करायची. मी गोळी काढली की मान हलवून नको म्हणायची. झाडी संपून गवताचा उतार लागतो तिथे जांभ्या दगडाचा एक मोठा धोंडा आहे. तिथे ती थांबली.

"कुमदे, तू हय बस."

"कित्या?"

"बस म्हटलंय मां."

"तुझो हात कोण धरतला?"

"ऋजुता धरतली."

ऋजुता माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत राहिली. "आई, ताईंना येऊ दे की. मला काय कळतंय त्यातलं? त्या असल्या तर बरं."

"कळाक काय व्हया? डोळे आसत मां तुका?" आईचा आवाज एकदम घरातल्यासारखा झाला. "आणि तो कॅमेरो तिच्याकडे दी. थय फोटो काढूचो नाय."

ऋजुताने कॅमेरा गळ्यातून काढला. माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "सॉरी हं, ताई." तिलाही काहीतरी कळलं असावं.

त्या दोघी वळल्या. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. घरून निघतानाच ठरवलं होतं.

"आये," मी म्हटलं.

ती थांबली, पण वळली नाही.

"माका सासू नाय आता. माका कोण सांगतला?"

रानात त्या वेळी किती आवाज असतात. पाणी, किडे, कुठेतरी मोर. आईने पदर कमरेला नीट खोचला.

"पावस येयत," ती म्हणाली. "छत्री उघडून ठेव."

आणि ऋजुताच्या खांद्यावर हात टाकून ती झाडीत शिरली.

आधी मला त्यांची चाहूल डावीकडून येत होती. काठीचा आवाज, मग ऋजुताचं काहीतरी बोलणं, मग आईचं "गप". थोड्या वेळाने आईचा खोकला वरून आला. मला वाटलं, म्हणजे वरच्या अंगाला. मग बरीच शांतता. आणि मग तोच खोकला माझ्या उजव्या बाजूने, खालून, पार व्हाळाच्या जवळून आला.

मी उभी राहिले.

खालून कोणी अळंबीला जात नाही. व्हाळाकाठी वारूळ राहील कसं? म्हणजे ती वर जाऊन खाली आली होती. आता काठी पुन्हा चढणीला लागलेली ऐकू आली. डावीकडे. ठक, ठक, थांबणं. ठक. मग खोकला. हा लांबला. ऋजुता म्हणत होती, "आई, बसता का जरा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती फिरत होती. मी कानांनी माग काढीन म्हणून ती डोंगराला फेरे घालत होती. जिचा एका चढणीत जीव वर यायचा ती बाई मला चुकवण्यासाठी तीच चढण पुन्हा चढत होती.

मागोमाग गेले असते तर पाच मिनिटांत गाठलं असतं. मी गेले नाही. खाली बसले. कॅमेरा मांडीवर ठेवला.

मग मला ते फूल दिसलं.

धोंड्याच्या मागच्या अंगाला, गवतात, मांडीएवढ्या उंचीचा एकच दांडा. त्यावर तीन फुलं आणि वर कळ्या. पांढरी. एवढी पांढरी की सगळ्या ओल्या हिरव्या-काळ्या रानात ती नजरेतून सुटली कशी होती याचंच नवल वाटावं. पाकळ्यांच्या कडा बारीक कातरलेल्या, एखाद्या फार जुन्या, फार जपून ठेवलेल्या झबल्याच्या झालरीसारख्या. मी वाकले. मंद वास होता.

मी ते बराच वेळ बघितलं. कॅमेरा माझ्या हातात होता आणि तो कसा चालवायचा ते ऋजुताने मला आदल्या दिवशी हौसेने शिकवलं होतं. एक बटण दाबायचं होतं.

वरच्या झाडीतून पावलं उतरू लागली तशी मी छत्री उघडली आणि त्या दांड्यावर तिरकी टेकवून ठेवली, दांडी गवतात रोवून. मग पुन्हा धोंड्यावर येऊन बसले.

ऋजुता आधी आली. गाल लाल, केसांत काटक्या, हातात टोपली. टोपली जड होती. "ताई! काय सुंदर असतात हो! मला कल्पनाच नव्हती. अशी एवढाली, आणि जमिनीतून अशी ढकलून वर—"

"गप," मागून आई म्हणाली.

ऋजुताने तोंडावर हात ठेवला आणि डोळ्यांनी माझी माफी मागितली. मी तिला कॅमेरा परत दिला. तिने सवयीने भोवतालच्या गवतावरून नजर फिरवली.

"इथे काही दिसलं का ताई? तुम्ही एवढा वेळ बसला होतात."

"नाही," मी म्हटलं. "नुसतं गवत आहे."

आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. ओठ निळसर पडले होते. ती छत्रीकडे बघत होती. पाऊस नव्हता. छत्रीखाली कोणी नव्हतं. छत्रीच्या काठाखालून पांढऱ्याची एक किनार दिसत होती, पण ती तिच्या बाजूने. ऋजुताच्या बाजूने नव्हे.

आईने माझ्याकडे पाहिलं.

"ऋजुता," ती म्हणाली, "तू हो फुडे. वाट सरळ आसा. व्हाळाकडे रव."

"तुम्हाला धरू नको?"

"कुमुद आसा. जा तू."

ऋजुता दिसेनाशी झाली. मग आई दोन पावलं पुढे आली आणि काठीच्या टोकाने छत्री जराशी उचलून तिने खाली बघितलं.

"हीच मां ती?"

"होय."

तिने छत्री पुन्हा होती तशी ठेवली. मग म्हणाली, "कोणाक सांगू नको."

"माका कोण आसा सांगूक?"

"ताच म्हणतंय," आई म्हणाली. आणि हात पुढे केला. मी छत्री मिटून घेतली आणि तिला कोपराजवळ धरू दिलं.

त्या संध्याकाळी तिने स्वतः चुलीपुढे बसून अळंबी केली, ओल्या खोबऱ्याचं वाटण लावून. मला वाटणही वाटू दिलं नाही. पहिलं पान ऋजुताचं वाढलं, मग माझं. ऋजुता म्हणाली, "ताई, तुम्ही घ्या ना आधी." आई म्हणाली, "ती घराचीच आसा, तिका काय?" सून पाहुणी आणि लेक घरची, असं त्या एका जेवणापुरतं झालं. मी जेवले. चव फार चांगली होती.

मार्गशीर्षात आई गेली. माझ्या हातात गेली, दुपारी, मी तिला पेज भरवत असताना. शेवटी काही बोलली नाही. मी वाट बघत होते हे खरं आहे. वाटी बाजूला ठेवून तिचं तोंड पुसलं तेव्हाही मी वाट बघत होते.

पुढच्या श्रावणात दिगू आणि ऋजुता आठवडाभर आले. दिगूला आईच्या हातची अळंबी आठवली. "ऋजुताक जागा म्हायत आसा," तो दोन दिवस अभिमानाने सगळ्या वाडीला सांगत होता, आणि वाडीतल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी उघडीप पडली. ऋजुता म्हणाली, "ताई, तुम्ही चला ना बरोबर. मला एकटीला भीती वाटते."

"आणि लेकीला दाखवायची नाही, ही आईची अट?"

"कसली अट, ताई! तुम्ही काय परक्या आहात का?"

आम्ही निघालो. सरस्वतीकाकी नळावर होती. तिने काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. गाय सुटली म्हणायला घरात मोठं माणूस लागतं.

धोंड्यापाशी पोचल्यावर ऋजुता थांबली. "इथून डावीकडे," ती म्हणाली आणि झाडीत शिरली. मी मागून. ऐनाचा एक पडलेला वृक्ष होता, तिथे ती म्हणाली, "हाच." मग पुढे तसाच आणखी एक पडलेला ऐन होता. मग एक मोठा दगड, मग दुसरा. ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर. तिच्या कपाळावर घाम आला.

"एक वेल होती जाड. झोपाळ्यासारखी. त्याच्याजवळच. वेल असेल ना अजून?"

"वेली पुष्कळ आहेत."

"आई मला कुठून कुठून नेत होत्या, ताई. आपण त्याच झाडापाशी परत आलो असं मला वाटलं, मी म्हटलंसुद्धा तसं. तर म्हणाल्या, गप चल. मला काही लक्षात ठेवताच आलं नाही. मग जागा आली, तर मी ती अळंबीच बघत बसले." ती एका मुळावर टेकली. "तुम्हाला खरंच नाही माहीत?"

"नाही."

"मला वाटलं, तुम्हाला आधीच सांगितलं असेल. मी राहिले होते म्हणून मला बोलावलं. तुम्ही तर कायम इथेच."

जिच्यापासून लपवायची होती तिला चकवता चकवता, जिला द्यायची होती तीही चकली होती. आईला हे कळलं असतं तर काय वाटलं असतं, हे विचारायची सोय राहिली नव्हती.

ऋजुता ओढणीने मान पुसत होती. "त्या तिथे काय म्हणाल्या, सांगू?" ती म्हणाली. "मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. अळंबी काढून झाली, एक मात्र जाग्यावर ठेवायची म्हणाल्या, ती ठेवली. मग माझा हात धरून म्हणाल्या," आणि तिने आईचं बोलणं पुण्याच्या जिभेवर जपून, एकेक शब्द मांडला, "कुमुदेक सांगू नको. तिका सांगलंय तर ती परत जावची नाय."

"परत कुठे?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, तिच्या घराक." ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, कॉलेजात म्हणतायत. रजा संपली की. तुमची तेव्हा रजा होती ना?"

"हो."

"मी बरोबर म्हटलं का ते? मालवणी?"

"बरोबर म्हटलंत," मी म्हटलं.

म्हणजे एवढी वर्षं ती कोल्हापूरचं ते दार उघडं ठेवत होती. माझी बॅग जिथे पहिल्या दिवशी ठेवली होती त्या खोलीला ती शेवटपर्यंत 'पाव्हण्यांची खोली' म्हणत असे. मला वाटायचं, सवय. माझं मनगट शेकताना ती, हे बरं झालं की लेक परत जाईल, असं मनाशी धरून शेकत होती. तेल कोमट आहे की नाही ते स्वतःच्या हातावर बघत होती आणि हे धरून होती. दुखऱ्या जागी कधी हात पडू न देणारी बाई.

वारा फिरला. वरच्या अंगाने, आमच्या उजवीकडून.

"शी!" ऋजुताने नाकाला ओढणी लावली. "ताई, कसला वास येतोय हा? काहीतरी मेलंय का?"

अळंबी वेळेवर काढली नाहीत तर ती आपणहून वितळतात. आधी काळी पडतात, मग त्यांत किडे होतात, मग सगळा ताटवा एकदम बसतो आणि पाझरू लागतो. त्याचा वास कुजक्या मासळीसारखा येतो, आणि ओल्या हवेत तो जागचा हलत नाही. एखाददुसऱ्या अळंबीचा एवढा वास सुटत नाही. त्याला घोंगडीभर तरी लागतात. आदल्या आठवड्यात पाऊस होता, आम्हाला यायला उशीर झाला होता, आणि दुसऱ्या कोणाला ती जागा ठाऊक नव्हती.

वास जवळून येत होता. उजवीकडे वर, त्या करवंदीच्या जाळीमागे कुठेतरी. वाऱ्याकडे तोंड करून चालत गेले असते तर ऋजुताने ओढणी नाकावरून काढायच्या आत मी तिथे पोचले असते.

"असेल एखादं जनावर," मी म्हटलं. "चला, उतरू आपण."

"हो, चला बाई. मला मळमळायला लागलंय."

ती पुढे झाली. मी मागून उतरले.

दिगू ओटीवरच उभा होता. आम्हाला लांबून बघून त्याने हाक मारली, "गावली काय?"

"नाही रे," ऋजुता चपलांचा चिखल पायरीला निपटत म्हणाली. "मला काही आठवेना. आणि ताईंनाही माहीत नाही."

"तिका कशी म्हायत आसतली?" दिगू हसला. "ती चेडू नाय या घराचा?"